चार बोटांचं चित्र : रिसायकलिंगसाठी लहान ग्राफिक्स करताना

डिझाइनच्या वर्गात रिसायकलिंग हा विषय मिळाला की पहिल्या तासातच बहुतेकांच्या वहीत तीच चित्रं उतरतात : दोन तळहातांत पृथ्वी, पान फुटलेली बाटली, हिरव्या बाणांचा त्रिकोण. पोस्टरच्या आकारात ती खपूनही जातात. पण चार बोटं रुंदीच्या स्टिकरवर किंवा फोनच्या पडद्यावरच्या इवल्याशा आयकॉनमध्ये ती आणली की सगळी एकसारखी हिरवट दिसतात आणि बघणाऱ्याला काहीच सांगत नाहीत.

मी डिझाइनची विद्यार्थिनी आहे आणि असली लहान कामं मला मोठ्या पोस्टरपेक्षा अवघड वाटतात. कचऱ्याच्या डब्यासमोर थांबलेल्या माणसाला पर्यावरण वाचवायचं की नाही हे ठरवायचं नसतं. ते त्याने आधीच ठरवलंय, म्हणून तर तो थांबलाय. त्याची अडचण फार लहान असते : हातातली ही वस्तू यात जाते की नाही? त्या एका शंकेला उत्तर देणं एवढंच लहान ग्राफिकचं काम, असं धरून मी पुढचे टप्पे लिहिते आहे. स्टिकर, आयकॉन, बिल्ला, पाकिटावरची खूण, काहीही करत असाल तरी क्रम साधारण हाच राहतो.

आधी शंका शोधा

सॉफ्टवेअर उघडण्याआधी वेगवेगळे डबे ठेवलेल्या एखाद्या जागी थोडा वेळ उभे राहा आणि लोकांचे चेहरे सोडून हात बघा. ज्याला खात्री असते त्याचा हात न थांबता वस्तू टाकून मोकळा होतो. ज्याला नसते तो दोन डब्यांच्या मध्ये घुटमळतो, आणि मग बरेचदा डब्यात डोकावतो. आधीच्या लोकांनी काय टाकलंय ते बघून तो आपलं ठरवतो. म्हणजे तुमच्या चित्राची स्पर्धा डब्यातल्या खऱ्या वस्तूंशी आहे. हे लक्षात आलं की चित्र कुठे लावायचं आणि किती ठळक करायचं याचे अर्धे निर्णय आपोआप होतात.

घुटमळणाऱ्या शंका तीन जातीच्या असतात. कोणत्या डब्यात? ही वस्तू मुळात चालते का? टाकण्याआधी तिचं काही करायचं का, म्हणजे धुवायची, दाबायची, झाकण काढायचं? एका ग्राफिकने यांतली एकच शंका घ्यावी. ती प्रश्न आणि उत्तर अशा दोन वाक्यांत वहीत लिहून काढा. उत्तरात ‘आणि’ आला, तर बहुधा तुमच्या हातात दोन ग्राफिक्स आहेत.

सगळ्यात जास्त वेळा दिसलेली शंका घ्यायची की सगळ्यात महाग पडणारी? मी दुसरीच्या बाजूने आहे. एखादा कागद चुकून ओल्या कचऱ्यात गेला तर नुकसान एका कागदाचं होतं. लिथियमची बॅटरी चुकीच्या डब्यात गेली तर ती गाडीत दाबली जाऊन पेट घेऊ शकते. अर्धी भरलेली पेयाची बाटली कागदाच्या डब्यात गेली तर खालचा अख्खा ढीग भिजतो. असल्या गोष्टींना आधी जागा द्या.

आणि एक मोह टाळा : ओसंडून वाहणारा डबा किंवा कचऱ्याचा डोंगर काढण्याचा. अमेरिकेतल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चिआल्डिनी आणि सहकाऱ्यांनी पाट्यांवर प्रयोग केला होता. तिथे पर्यटक अश्मीभूत लाकडाचे तुकडे उचलून नेत. ‘आधीच्या अनेकांनी लाकूड नेलं आहे’ असं सांगणाऱ्या पाटीजवळ चोरी वाढली, कारण सगळेच नेतात हा निरोप लोकांनी घेतला. कचऱ्याचा डोंगरही तोच निरोप देतो. वस्तू योग्य जागी जाताना काढा.

नियम उचलणाऱ्यांकडून घ्या

हा टप्पा विद्यार्थी हमखास गाळतात. इंटरनेटवर वाचलेलं ‘कागद, काच, धातू, प्लास्टिक’ एवढ्यावर काम सुरू होतं. प्रत्यक्षात काय रिसायकल होतं ते वस्तूपेक्षा ती उचलून वेगळी करणाऱ्या यंत्रणेवर अवलंबून असतं. कागदी कपाच्या आत बहुधा पॉलिथिनचा पातळ थर असतो, त्यामुळे तो साध्या कागदाबरोबर अनेक ठिकाणी चालत नाही. दुकानातली गुळगुळीत पावती थर्मल कागदाची असते, तिच्यावर रसायनाचा लेप असतो. काळ्या प्लास्टिकमधला कार्बन ब्लॅक इन्फ्रारेड किरण शोषून घेतो, म्हणून त्या किरणांवर चालणाऱ्या वर्गीकरण यंत्रांना ते प्लास्टिक दिसतच नाही. झाकणांचं तर ठिकाणागणिक वेगळं : कुठे काढायला सांगतात, कुठे लावूनच ठेवायला. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून तीन लिटरपर्यंतच्या पेयांच्या प्लास्टिक बाटल्यांची झाकणं बाटलीला जोडलेलीच असावी लागतात. तिथे ‘झाकण काढा’ असं चित्र काढणारा डिझायनर लोकांना नसती झटापट करायला लावेल.

म्हणून जिथे ग्राफिक लागणार आहे तिथला कचरा जे उचलतात आणि निवडतात त्यांना भेटा. ‘प्लास्टिक घेता का?’ असा मोघम प्रश्न विचारू नका, उत्तरही मोघमच येईल. वीस-पंचवीस खऱ्या वस्तू पिशवीत घेऊन जा, टेबलावर मांडा आणि त्यांना ढीग करायला सांगा : चालतं, चालत नाही, कधीकधी चालतं. फोटो काढा. तोच फोटो तुमचा ब्रीफ, म्हणजे काय करायचं ते सांगणारा कागद. तिसऱ्या ढिगासाठी ग्राफिक करण्याच्या फंदात पडू नका. ‘कधीकधी’ या उत्तराचं चित्र निघत नाही. त्या वस्तूंचं काय करायचं ते त्यांनीच ठरवून द्यायला हवं.

बाणांच्या त्रिकोणाचं काय करायचं?

हे चिन्ह आपल्यासारख्याच एका विद्यार्थ्याचं. १९७० मध्ये, पहिला वसुंधरा दिन साजरा झाला त्या वर्षी, कंटेनर कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या खोकी बनवणाऱ्या कंपनीने विद्यार्थ्यांसाठी स्पर्धा ठेवली आणि युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात शिकणारा गॅरी अँडरसन ती जिंकला. त्याची कल्पना म्यॉबियस पट्टीवरून आली होती, जिला एकच बाजू असते ती पट्टी. मूळ रचनेत दोन बाण एका पद्धतीने दुमडतात आणि तिसऱ्याची घडी उलटी आहे. आज दिसणाऱ्या बहुतेक प्रतींत तिन्ही घड्या एकसारख्या असतात. आता जवळच्या कुठल्याही खोक्यावरचं चिन्ह तुम्ही निरखून बघणार, हे मला माहीत आहे.

चिन्ह कुणाच्याही मालकीचं राहिलं नाही, त्यामुळे कुणीही वापरतं, आणि त्याचा अर्थ पातळ झाला तो तिथेच. आयएसओ १४०२१ या मानकानुसार नुसता त्रिकोण म्हणजे ‘ही वस्तू रिसायकल होऊ शकते’, आणि त्यासोबत टक्केवारी असेल तर ‘हिच्यात इतका रिसायकल केलेला माल आहे’. दोन दावे वेगळे आहेत. प्लास्टिकच्या तळाशी असलेला आकडा तर तिसरीच गोष्ट. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने १ ते ७ हे क्रमांक आणले ते प्लास्टिकचा प्रकार सांगण्यासाठी : १ म्हणजे पीईटी, २ एचडीपीई, ५ पॉलिप्रॉपिलिन, ७ म्हणजे इतर सगळे. आकड्याभोवती बाण होते, म्हणून लोकांनी ‘रिसायकल होतं’ असं वाचलं. अखेर २०१३ मध्ये एएसटीएम या मानक संस्थेने बाण काढून साधा भरीव त्रिकोण ठरवला. जर्मनीतून पसरलेला दोन गुंफलेल्या बाणांचा ‘ग्रीन डॉट’ म्हणजे तर उत्पादकाने पॅकेजिंग गोळा करण्याच्या व्यवस्थेला पैसे भरले आहेत, एवढंच.

माझा निष्कर्ष असा : त्रिकोण ‘विषय कोणता’ हे सांगतो, ‘काय करायचं’ हे सांगत नाही. ॲपमधल्या विभागासाठी किंवा वहीच्या मागच्या पानासाठी तो पुरतो. डब्यावर त्याला मुख्य जागा देऊ नका, ती वस्तूच्या चित्राला हवी.

तो काढायचाच असेल तर लहान आकारात घड्या विसरा. १६ पिक्सेलच्या आयकॉनमध्ये त्रिकोणाची बाजू फार तर १४ पिक्सेल. त्यात बाणाच्या टोकाला चार आणि दोन बाणांमधल्या फटीला दोन गेले की दांड्याला आठ उरतात, आणि त्यातलेही काही कोपरा वळण्यात जातात. घडीची रेघ टाकायला जागाच नाही. शिवाय ६० अंशांतल्या रेघा पिक्सेलच्या चौकटीत बसत नाहीत, त्यांच्या कडा करड्या होतात. म्हणून बाण सपाट ठेवा, टोकं दांड्याच्या दुपटीहून थोडी रुंद करा आणि फटी सढळ सोडा. त्रिकोण जमत नाही म्हणून दोन गोल बाणांची सोपी वाट धरू नका. पडद्यावर गोल फिरणारे बाण म्हणजे ‘पुन्हा लोड करा’, ही सवय आता पक्की झाली आहे.

अंतर मोजा, मग जाळी आखा

‘लहान’ म्हणजे किती हे सेंटिमीटरवर ठरत नाही, बघणारा किती लांब आहे यावर ठरतं. चांगली नजर असलेला माणूस साधारण एक आर्कमिनिटाचा, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाचा, तपशील वेगळा करू शकतो. मीटरभर अंतरावर तो ०.२९ मिलिमीटर भरतो. तीन मीटरवर ०.८७ आणि पाच मीटरवर १.४५. ही झाली मर्यादा. चालता-चालता, कमी उजेडात, चष्मा न लावता बघणाऱ्यासाठी मी ती किमान दुप्पट धरते : तीन मीटरवर पावणेदोन मिलिमीटर, पाच मीटरवर जवळपास तीन.

आता २४ बाय २४ घरांची जाळी आखा. पडद्यावरच्या आयकॉनसाठी हीच जाळी सर्रास वापरली जाते, त्यामुळे एकच रेखाटन दोन्हीकडे चालतं. कडेची दोन-दोन घरं मोकळी ठेवा, चित्र मधल्या २० घरांत. स्टिकर ७२ मिलिमीटरचा असेल तर एक घर ३ मिलिमीटरचं झालं. म्हणजे पाच मीटरवरून एका घराची फट कशीबशी दिसते आणि तीन मीटरवरून आरामात. यावरून नियम निघतो : एका घराहून बारीक काहीही काढायचं नाही आणि मुख्य रेघ दोन घरांची. एवढं पाळलं तरी ‘अजून थोडा तपशील घालू का’ हा प्रश्न निम्म्या वेळा पडतच नाही, कारण घालायला जागा नसते.

वस्तू काढणं

सगळा वेळ इथे द्या.

सुरुवात काळा कागद आणि कात्रीने करा. खरी बाटली समोर ठेवून तिचा आकार कापायचा, आतल्या रेघा नाहीत. दोन हाताएवढ्या अंतरावरून ओळखू आली तर पुढे जा. १९२० आणि ३० च्या दशकांत व्हिएन्नात ओटो नॉयराथ यांच्या चमूने आकडेवारीसाठी चित्रभाषा घडवली, ती पुढे आयसोटाइप म्हणून ओळखली गेली. तिच्यातली चिन्हं गेर्ड आर्न्ट्स हा कलाकार लिनोलियममध्ये कापून तयार करी. लिनोमध्ये फालतू रेघ परवडत नाही, कापायला मेहनत पडते. माउसने रेघ ओढायला काहीच पडत नाही, तिथेच घात होतो.

बाटली ओळखू येते ती मान आणि खांद्यांवरून. बरणी रुंद तोंड आणि जाड झाकणावरून. पेयाचा कॅन दोन्ही टोकांना किंचित निमुळता होतो, ते निमुळतेपण घालवलं की तो नुसता आयत. दुधाच्या पुठ्ठ्याच्या डब्याची ओळख वरच्या छपरासारख्या घडीत असते. प्रत्येक वस्तूचं असं एकच लक्षण शोधून ते थोडं वाढवून काढा, बाकीचं सोडून द्या.

खरी पंचाईत काच आणि प्लास्टिकची. दोन्ही बाटल्यांच्या बाह्यरेषा जवळपास सारख्या. प्लास्टिकला आडव्या वळ्या, काचेला लांब मान आणि उजेडाची एक तिरपी रेघ, असं करता येतं, पण २० घरांत एवढंसं लक्षण नेहमी पुरत नाही. अशा वेळी एकट्या बाटलीशी झटापट करण्यापेक्षा तिला शेजारी द्या. बाटली आणि बरणी एकत्र दिसली की काच वाटते, बाटली आणि शाम्पूचा पंपवाला डबा दिसला की प्लास्टिक. स्टिकरवर दोन वस्तू बसतात. एका आयकॉनमध्ये मात्र दाटी होते, तिथे शब्दाची मदत घ्यावी.

दुसरी गोष्ट वस्तूच्या अवस्थेची. आपण आयकॉनमध्ये नवीकोरी वस्तू काढतो : ताठ बाटली, कोरा कागद, चकचकीत कॅन. डब्याशी येणारी वस्तू तशी नसते. रेमी ट्रुडेल आणि जेनिफर आर्गो यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की कागद फाटला किंवा कॅन चेपला की लोक तो रिसायकलिंगऐवजी कचऱ्यात टाकण्याची शक्यता वाढते. वस्तूचं रूप बिघडलं की ती निरुपयोगी वाटते. माझ्या मते डिझायनरला याहून उपयोगाची माहिती क्वचितच मिळेल : चेपलेला कॅन आणि फाटका कागद हेच काढा! यात एक अडचण आहे. चुरगळलेल्या कागदाची बाह्यरेषा दगडासारखी दिसते. म्हणून पूर्ण गोळा न करता कागदाची एक कड फाटकी आणि एक कोपरा दुमडलेला ठेवा. कॅनच्या वर-खालच्या कडा शाबूत ठेवून कमरेत वाकवा. खोकं चपटं करून, पाकळ्या उघड्या असलेलं काढा, ‘मोडून टाका’ हेही त्यात आलं.

संच करत असाल तर सगळ्या वस्तू समोरून बघितल्यासारख्या काढा. एक समोरून, एक तिरकी, एक वरून असं झालं की संच उधार-उसनवार केल्यासारखा दिसतो. खऱ्या मापांचं प्रमाण पाळायची गरज नाही. बाटली आणि बॅटरी सारख्याच वजनाच्या दिसायला हव्यात. त्यासाठी उंच वस्तूला पूर्ण २० घरं द्या आणि चौकोनी वस्तूला १७-१८, नाहीतर चौकोन अंगावर येतो.

कृती दाखवताना हात काढायचा मोह होतो. हाताला पाच बोटं असतात आणि २० घरांत पाच बोटं म्हणजे फणी. अंगठा आणि जोडलेली चार बोटं एवढंच ठेवा, किंवा हात गाळून टाका : धुण्यासाठी पाण्याचे दोन थेंब, चेपण्यासाठी समोरासमोर दोन बाण, झाकणासाठी बाटलीपासून थोडं वर उचललेलं झाकण. फक्त एका ग्राफिकमध्ये एकाच अर्थाचे बाण असू द्या. रिसायकलिंगचा त्रिकोण, चेपण्याचे बाण आणि ‘इथे टाका’ चा बाण एकत्र आले की कुठलाच वाचला जात नाही.

‘नको’ कसं सांगायचं

वस्तूवर लाल फुली मारली की वस्तूच झाकली जाते. जिची मनाई आहे तीच दिसत नाही! त्यापेक्षा एकच तिरपी रेघ, आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेका घराची पांढरी फट, म्हणजे रेघ वस्तूत मिसळत नाही. रेघ वस्तूच्या ओळखीच्या भागावरून नेऊ नका. कपावर ती कान किंवा झाकणावरून गेली तर तो कप कोण म्हणेल? जागा अगदीच कमी असेल तर ‘नको’ गाळा आणि फक्त ‘हे टाका’ दाखवा. अपवाद ज्याने ढीग बिघडतो किंवा आग लागते त्या वस्तूंचा.

रंग सगळ्यात शेवटी

पूर्ण संच आधी एकाच काळ्या रंगात संपवा. तिथे उभा राहिला नाही तर रंगाने फक्त लाज झाकली जाते.

रंगाच्या बाबतीत पहिला प्रश्न जागेचा : तिथल्या डब्यांचे रंग ठरलेले असतील तर तेच घ्यायचे, आपली आवड बाजूला. दुसरा प्रश्न दिसण्याचा. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्क्यांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, इतरत्र प्रमाण सहसा याहून कमी आहे. तेव्हा हिरवा म्हणजे हो आणि लाल म्हणजे नाही हे एकट्या रंगावर सोडू नका. ‘नको’ च्या चौकटीचा आकारही वेगळा हवा. तिसरा प्रश्न कॉन्ट्रास्टचा, म्हणजे चित्र आणि त्यामागचा रंग यांच्या उजळपणातल्या फरकाचा. वेबसाठीच्या डब्ल्यूसीएजी निकषांत चित्रखुणांना किमान ३:१ आणि साध्या मजकुराला ४.५:१ गुणोत्तर सांगितलं आहे, आणि छापील कामालाही ते हाताशी ठेवायला हरकत नाही. पर्यावरणाच्या कामांत सगळ्यांना आवडणारा पोपटी हिरवा पांढऱ्यावर यांतलं पहिलंही गाठत नाही. गडद बाटलीहिरवा दोन्ही आरामात गाठतो.

शब्द घालायचे तर

दोन-तीन शब्दांच्या पुढे जाऊ नका आणि क्रियापदाला जागा द्या : ‘धुवून टाका’, ‘चपटं करून टाका’. ‘पर्यावरणाचे रक्षण करा’ या वाक्याने हातातल्या बाटलीचं काय करायचं ते कळत नाही.

अक्षराची उंची वाचण्याच्या अंतराच्या दोनशेव्या भागाइतकी असावी, असा ठोकताळा आहे. मीटरभरावरून ५ मिलिमीटर, तीन मीटरवरून १५. म्हणजे ७२ मिलिमीटरच्या स्टिकरवरचे शब्द जवळ आलेल्या माणसासाठीच असतात, लांबून बोलावण्याचं काम चित्राचं. देवनागरीत आणखी एक मेख आहे. शिरोरेषेच्या वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार, त्यामुळे त्याच पॉइंट साइजमध्ये मुख्य अक्षर रोमनपेक्षा लहान बसतं. हातात धरून वाचायच्या वस्तूवरही मी ८-९ पॉइंटच्या खाली जात नाही. जाड वजनाचा फाँट लांबून ठसठशीत वाटतो, पण ‘ष्ट’ किंवा ‘क्ष’ मधली पोकळी बुजते, म्हणून मध्यम वजन घ्या. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं छापताना शाई कडेने आत पसरते आणि रेघा बारीक होतात, तिथे वजन एक पायरी वाढवा.

तपासणी

मित्रांना ‘कसं वाटतंय?’ विचारलंत तर ‘छान’ असं उत्तर येईल आणि त्याचा काही उपयोग नाही. त्यांच्या हातात खरी वस्तू द्या, ग्राफिक लावलेले डबे समोर ठेवा आणि गप्प बसा. वस्तूंत मुद्दाम फसव्या गोष्टी असू द्या : कागदी कप, गुळगुळीत पावती, झाकणासकट बाटली. हात कुठे थांबतो ते बघा, पहिल्या टप्प्यात बघितलं होतं तसंच. डिझाइनच्या वर्गातले लोक टाळा, ते चित्र वाचायला शिकलेले असतात.

त्याआधी टेबलावरच्या चाचण्या उरकून घ्या. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सची झेरॉक्स काढा. डोळे किलकिले करून बघा. प्रत्यक्ष मापाची प्रिंट भिंतीवर लावून ठरवलेल्या अंतरावर जाऊन उभे राहा. पडद्यावर ४०० टक्के मोठं करून पाहिलेलं चित्र सगळ्यांनाच आवडतं, त्यावर विश्वास नको.

लावण्याची जागाही तपासात धरा. नजर हातामागे जाते आणि हात तोंडाकडे जातो, म्हणून चित्र डब्याच्या तोंडाजवळ हवं, पोटावर नाही. झाकणावर लावत असाल तर माणूस वरून खाली बघणार हे ध्यानात ठेवून दिशा ठरवा. तोंड गोल असेल तर ते बाटली-कॅन मागतं, फटीसारखं असेल तर कागद. चित्राने तोंडाच्या आकाराशी भांडू नये.

छपाई आणि चिकटवणं

फाइल व्हेक्टर (कितीही मोठी केली तरी कडा न फाटणारी), रेघांचे आकारात रूपांतर केलेलं, फाँट आउटलाइन केलेले (अक्षरांचेही आकार केलेले), कडेला २ ते ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापण्याच्या रेघेबाहेर वाढवलेला रंग. पडद्यासाठी एसव्हीजी हा व्हेक्टर फाइलचा प्रकार, आणि १६ पिक्सेलची प्रत वेगळी काढलेली. मोठी दाबून लहान केलेली चालत नाही.

माप शेवटचं ठरवण्याआधी कागदावर मांडणी करून बघा. ए४ वर ७२ मिलिमीटरचे चौकोनी स्टिकर, मध्ये ४ मिलिमीटर अंतर ठेवून, आडवे दोन आणि उभे तीन बसतात, म्हणजे सहा. तेच ६४ मिलिमीटरचे केले तर आडवे तीन, उभे चार, एकूण बारा. जाळीचं घर ३ ऐवजी २.६७ मिलिमीटरचं होतं, पाच मीटरवरून थोडं कमी पडेल, तीन मीटरवरून काहीच फरक नाही. रिसायकलिंगच्या कामात निम्मा कागद वाचत असेल तर मी पाच मीटरवरच्या माणसाला दोन पावलं पुढे यायला लावीन.

कोपरे गोल ठेवा, टोकदार कोपरा आधी सुटतो. उन्हात पिवळी आणि मॅजेंटा शाई सहसा लवकर उडते, निळी आणि काळी टिकते. म्हणजे बाहेर ठेवलेल्या डब्यावरचा लाल ‘नको’ सगळ्यात आधी फिका पडणार. तिरपी रेघ काळी ठेवली तर ती राहील. स्टिकर डब्यावर न लावता बाटली किंवा खोक्यावरच लावायचा असेल, तर त्याचा कागद आणि डिंक त्या वस्तूच्या रिसायकलिंगमध्ये आडवे येणार नाहीत ना, हे ढीग करून देणाऱ्या त्याच लोकांना विचारा. कागदाच्या खोक्यावर प्लास्टिकचा चकचकीत स्टिकर हा विनोद बऱ्याच मोहिमांत दिसतो.

एका कोपऱ्यात, वाचणाऱ्याच्या नजरेत येणार नाही एवढ्या बारीक अक्षरांत, महिना आणि वर्ष छापा. नियम बदलतात, यंत्रं बदलतात, आणि जुना स्टिकर नव्याच्या शेजारी तसाच राहिला की डब्यावर दोन विरुद्ध उत्तरं दिसतात. तारीख असली की कोणता उतरवायचा ते साफसफाई करणाऱ्यालाही कळतं. उतरवताना हेअर ड्रायरची गरम हवा द्या, डिंक सैल होतो. मग कोपऱ्यापासून सावकाश ओढा, उरलेला चिकटपणा खाद्यतेलाच्या बोळ्याने पुसा, साबणाने धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच नवा लावा.